जिनीचा आवाज आपण ऐकलाच नव्हता : बार्बरा ईडनचं गाणं, तिची रूपं आणि जुने व्हरायटी शो

रानजाई

घरी केबल आली तेव्हा मी चौथीत होते. सोनीवर 'आय ड्रीम ऑफ जिनी' आणि 'बिविच्ड' हिंदीत डब करून दाखवायचे. ते पाहत मोठी झालेली बरीच मंडळी इथे असतील. बाटलीतून धूर निघायचा, गुलाबी कपड्यातली जिनी हाताची घडी घालून पापण्या मिटायची, मानेला एक झटका द्यायची, आणि बिचाऱ्या मेजर नेल्सनच्या घरात हत्ती उभा राहायचा.

गेल्या महिन्यात तूनळीवर (यूट्यूबवर) मूळ इंग्रजी भाग पहिल्यांदाच लावले आणि पाच मिनिटांत थांबवले. चेहरा ओळखीचा होता, आवाज परका. जिला मी पंचवीस वर्षं ओळखते असं धरून चालले होते, तिचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता! हिंदीत जिने जिनीला बोलतं केलं तिच्याबद्दल तक्रार नाही, तिच्यामुळेच तर जिनी आमच्या घरात आली. पण त्या दिवसापासून जिनी झालेल्या बार्बरा ईडनचं मिळेल ते ऐकत सुटले, आणि ही बाई मुळात गायिका व्हायला निघाली होती हे कळलं. म्हणून हा धागा.

तिचा जन्म १९३१ चा, अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनचा. वाढली सॅन फ्रान्सिस्कोत. तिथल्या कॉन्झर्व्हेटरी ऑफ म्युझिकमध्ये रीतसर गाणं शिकली, गावातल्या बँडबरोबर नाइटक्लबांत गायली. अभिनयाकडे ती वळली आईमुळे, आणि तो किस्सा मला फार आवडतो. आईने तिचं गाणं ऐकून सांगितलं की सूर सगळे बरोबर लागतात, पण म्हणतेस त्यातला एकही शब्द मनापासून आल्यासारखा वाटत नाही, तू अभिनय शीक. म्हणजे अभिनय आला तो गाण्यातली उणीव भरून काढायला. १९५१ मध्ये ती 'मिस सॅन फ्रान्सिस्को' झाली आणि मग हॉलिवूडला गेली. १९५७ मध्ये 'आय लव्ह लूसी'च्या एका भागात दिसली, त्याच वर्षी 'हाऊ टू मॅरी अ मिलियनेअर' या मालिकेत मुख्य तिघींपैकी एक झाली, १९६० मध्ये एल्व्हिस प्रेस्लीबरोबर 'फ्लेमिंग स्टार'. आणि १८ सप्टेंबर १९६५ ला एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर बाटली उघडली. पाच सीझन, १३९ भाग.

आता गंमत बघा. मालिकेत तिच्यासमोर मेजर टोनी नेल्सन झालेला लॅरी हॅगमन. त्याची आई मेरी मार्टिन, म्हणजे ब्रॉडवेवरची त्या काळातली अव्वल गायिका-नटी, 'साऊथ पॅसिफिक' आणि 'द साऊंड ऑफ म्युझिक' या दोन्हींच्या पहिल्या संचातली नायिका. नायिका गाणं शिकलेली, नायक गाण्याच्या घरातला, आणि मालिका मात्र धुराची आणि गैरसमजांची. गाण्यासाठी ईडनला बाटलीबाहेर जावं लागलं. डॉट रेकॉर्ड्सने १९६७ मध्ये 'मिस बार्बरा ईडन' ही तिची एलपी काढली. त्याच वर्षी एबीसीवर 'किस्मत' या संगीतिकेचं दूरचित्रवाणी रूपांतर झालं. त्यात होझे फेररबरोबर ती वजिराची बायको लालुम झाली. पुन्हा बगदाद, पुन्हा तलम कपडे, पण या खेपेला गाणं बोरोदिनच्या सुरावटींवरचं. आणि मग बॉब होपचे कार्यक्रम, कॅरोल बर्नेटचा शो वगैरे ठिकाणी ती पाहुणी म्हणून गाऊ-नाचू लागली.

एलपीतली गाणी मी सलग तीनदा ऐकली. माझं मत : आवाज पातळ, स्वच्छ, वरच्या पट्टीत सहज जाणारा. साथसंगत त्या आवाजावर गर्दी करते. मागे वाद्यं कमी असती तर ही रेकॉर्ड आज लोकांच्या लक्षात असती.

तुम्ही काय ऐकलंय, काय पाहिलंय? तिच्या बदलत्या रूपांबद्दलही लिहा. मला कपड्या-केसांतलं फार कळत नाही.

भाकरीचाचंद्र

अहाहा, काय दिवस आठवून दिलेत! आमच्याकडे एकच टीव्ही आणि आजोबांच्या बातम्या. जिनीसाठी भांडणं व्हायची. मला नेल्सनचा मित्र रॉजर हीली जास्त आवडायचा, पण नेल्सनवर कायम संशय घेणारे डॉ. बेलोज खोलीत शिरले की पोटात गोळा यायचा, ते खरं.

त्यांचं गाव कोको बीच, फ्लोरिडा, असं दाखवलंय. चित्रीकरण मात्र जवळपास सगळं कॅलिफोर्नियातलं. हे मला मोठेपणी कळलं आणि जरा वाईट वाटलं.

तंबोऱ्याचीतार

धागा आवडला, पण एलपीच्या बाबतीत असहमत. साठच्या दशकात एखादी मालिका चालली की तिच्या नट-नट्यांच्या रेकॉर्ड काढायची तिकडे पद्धतच होती. 'स्टार ट्रेक'च्या लेनर्ड निमॉयचीही डॉटनेच काढली होती. चेहरा विकला जातोय तोवर आवाजही विकून घ्या, एवढाच हिशोब. तेव्हा अशी एक रेकॉर्ड हा ती गायिका असल्याचा पुरावा होत नाही.

पुरावा शोधायचा तर तुम्ही सांगितलेल्या आईच्या किश्शात आहे. आमच्या गुरुजींकडे हे वाक्य वेगळ्या शब्दांत रोज ऐकायला मिळायचं. पद म्हणताना सूर लागला की विद्यार्थी खूश होतो आणि पदातल्या माणसाला विसरतो. मग गुरुजी पेटी थांबवून विचारायचे, हे कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, आणि का? संगीत नाटकाची सगळी मदार यावर आहे. बालगंधर्वांच्या पदात रुक्मिणी किंवा सिंधू ऐकू येते, म्हणून शंभर वर्षांनी माणसं त्या तबकड्या जपतात.

त्या आईने मुलीला हेच सांगितलं आणि मुलीने ऐकलं. मला स्वतःला जिनीच्या बोलण्यात गाणं जास्त ऐकू येतं. ती 'मास्टर' हा शब्द एका भागात दहा वेळा तरी म्हणते. लाडाने, घाबरून, रागावून, दुसरीकडे बघत. दरवेळी स्वर वेगळ्या जागी ठेवते. हे कानाचं काम आहे.

रानजाई

@तंबोऱ्याचीतार, रेकॉर्डचा धंदा होता हे कबूल. पण त्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना सूरही धरता येत नव्हता, ही तालीम घेऊन आलेली होती. तेवढं श्रेय तिला द्यायलाच हवं. 'मास्टर'वालं निरीक्षण मात्र मनापासून पटलं. आज रात्री पुन्हा ऐकते.

आणि हो, डॉट ही पॅट बूनचीही कंपनी. त्याच्याबरोबर ईडनने १९६१ मध्ये 'ऑल हँड्स ऑन डेक' हा चित्रपट केला होता. त्यात गाणी त्याला!

गंगावन

रूपांबद्दल मी लिहिते. पंधरा वर्षं व्यावसायिक नाटकांना रंगभूषा आणि केशभूषा करतेय, त्यामुळे जिनी पाहताना माझी नजर तिच्या डोक्यावरच जाते.

पहिली गोष्ट, तो उंच शेपटा. तो सगळा तिचा नाही. माझं आयडी आहे तेच डोक्यावर आहे! वर स्वतःचे केस घट्ट ओढून घ्यायचे, त्याभोवती वेणीचा वेढा, त्यातून गंगावन, म्हणजे जोडकेस, खाली सोडायचं आणि वर ती छोटी टोपी आणि ओढणी. असं बांधलेलं डोकं दिवसभर दिव्यांखाली सांभाळायचं म्हणजे कपाळ ठणकतं. आमच्या नट्या दोन अंकांत रडकुंडीला येतात. या बाईने चार सीझन काढले, आणि चेहऱ्यावर कधी आठी नाही.

दुसरी गोष्ट, केसांचा रंग. निर्माता सिडनी शेल्डनला सोनेरी केसांची नटी नकोच होती, कारण समोरच्या वाहिनीवर 'बिविच्ड'ची समँथा एक वर्ष आधीच सोनेरी केस घेऊन आली होती. त्याने काळ्या केसांच्या कितीतरी मुली पाहिल्या आणि शेवटी घेतली ती सोनेरी केसांचीच ईडन. मग तिसऱ्या सीझनमध्ये जिनीची दुष्ट बहीण आली तेव्हा तिला काळा टोप आणि हिरवा पोशाख दिला. तीही ईडनच. चौथ्यात तर जिनीची आईसुद्धा तीच झाली. एकाच घरातल्या तीन बायका एकीच्याच अंगावर.

तिसरी, पोशाख. तो ग्वेन वेकलिंगने रेखलेला. सुरुवातीचे भाग घेतले तेव्हा ईडन गरोदर होती. मुलगा ऑगस्ट १९६५ चा, मालिका सप्टेंबरची, म्हणजे ते भाग आधीच घेतलेले. ते भाग पुन्हा बघा. कॅमेरा जवळून चेहऱ्यावर, अंगावर ओढण्यांचे थर, समोर काहीतरी वस्तू ठेवलेली. आमच्या एका दौऱ्यात नायिकेला सातवा महिना होता, तेव्हा शालू, शेला आणि पुढ्यात फुलांची परडी असं करून आम्ही अकरा प्रयोग काढले. त्यामुळे त्या ओढण्या लावणाऱ्या हातांबद्दल मला फार आपुलकी वाटते.

चौथी ती बेंबी. त्याबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा, मला आता तालमीला जायचंय.

सातासमुद्रा

बेंबीचं मी लिहितो. बे एरियात राहतो. इथली वयस्कर शेजारीण हे कार्यक्रम लहानपणी बघत मोठी झाली, तिच्याशी याच विषयावर तासभर बोललोय.

एनबीसीत काय दाखवायचं आणि काय नाही हे ठरवणारा एक विभाग असायचा. त्यांनी जिनीची बेंबी दिसता कामा नये असं ठरवलं, म्हणून सलवारीचा पट्टा वर ओढलेला. हालचालीत पट्टा कधी घसरला तर ती दिसायचीही. पुढे १९६८ मध्ये 'रोवन अँड मार्टिन्स लाफ-इन' हा विनोदी व्हरायटी शो सुरू झाला. त्याचा निर्माता जॉर्ज श्लॅटर याला तीच बेंबी आपल्या शोमध्ये वाजतगाजत पहिल्यांदा दाखवायची होती. वाहिनीतल्या बड्या लोकांची त्यावर बैठक झाली आणि नकार आला. ईडनने हा प्रसंग मुलाखतींत हसत सांगितला आहे. १९८५ मध्ये 'फिफ्टीन इयर्स लेटर' हा पुनर्भेटीचा चित्रपट आला तेव्हा मात्र कुणी हरकत घेतली नाही.

या दोन कार्यक्रमांची गाठ मालिकेतही पडली होती. चौथ्या सीझनमधल्या 'द बिगेस्ट स्टार इन हॉलिवूड' या भागात श्लॅटर स्वतः आहे, 'लाफ-इन'चे आर्टी जॉन्सन, ज्यूडी कार्न, गॅरी ओवेन्स आहेत, आणि गोष्ट अशी की जिनीला 'लाफ-इन'मध्ये घ्यायचं चाललंय. गाण्या-विनोदाच्या दुनियेतले पाहुणे मालिकेत इतरही आले. दुसऱ्या सीझनमध्ये सॅमी डेव्हिस ज्युनिअर, तिसऱ्यात 'जिनी, द हिप हिपी'मध्ये बॉइस आणि हार्ट ही गीतकार जोडी आणि चक्क संगीत-निर्माता फिल स्पेक्टर.

व्हरायटी शो म्हणजे नेमकं काय, असं नव्या मंडळींना वाटेल. आपल्याकडे जवळचं उदाहरण द्यायचं तर मुंबई दूरदर्शनवरचा 'गजरा' आठवा. छोट्या नाटुकल्या, चुटके. त्यात वाद्यवृंद, नाच आणि पाहुण्यांची गाणी मिसळा, समोर प्रेक्षक बसवा आणि मधे एक यजमान उभा करा. पाहुण्याला एका आठवड्यात नाटुकली पाठ करायची, नाच बसवायचा आणि गायचंही. मालिकेसारखे दहा टेक नाहीत. ज्यांना खरंच येत होतं त्यांनाच पुन्हा बोलावणं यायचं, आणि ईडनला सत्तरच्या दशकभर येत राहिलं.

दिवाणखाना

वाचतोय. हे शो पूर्ण का सापडत नाहीत? तुकडेच दिसतात सगळीकडे.

सातासमुद्रा

@दिवाणखाना, 'जिनी' ही ३५ मिमी फिल्मवर घेतलेली, निगेटिव्ह शाबूत, म्हणून आज ती लख्ख दिसते. व्हरायटी शो व्हिडिओटेपवर व्हायचे. दोन इंच रुंदीच्या टेप, भयंकर महाग, त्यामुळे वाहिन्या जुनं पुसून त्याच टेपवर नवं घ्यायच्या. एनबीसीच्या 'टुनाइट शो'ची सुरुवातीची कितीतरी वर्षं अशीच गेली. जे उरलं त्यातही गाण्यांचे हक्क आड येतात. नाटुकली दाखवता येते, गाणं दाखवायचं तर गीतकार-संगीतकाराला पैसे द्यावे लागतात, म्हणून नव्याने काढताना अनेकदा गाणंच कापलं जातं.

तंबोऱ्याचीतार

हे वाचून कळ आली. मुंबई दूरदर्शनच्या जुन्या टेपही अशाच पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. आणि हक्कांपायी कापलं जातं तेही नेमकं गाणंच. मग पुढच्या पिढीला ती बाई फक्त बाटलीतलीच दिसणार.

काळेपांढरे

पहिला सीझन कृष्णधवल आहे, हे किती जणांना माहीत आहे? १९६५ मध्ये एनबीसीचे जवळपास सगळे कार्यक्रम रंगीत झाले होते, 'जिनी' मात्र तीस भाग काळ्यापांढऱ्यात. धूर, अदृश्य होणं, वस्तू उडणं हे सगळं रंगीत करायचं तर खर्च वाढत होता. शेल्डन म्हणाला, दर भागाचे जास्तीचे चारशे डॉलर मी माझ्या खिशातून देतो. त्याला उत्तर मिळालं की पैसे वाया घालवू नकोस. २००६ मध्ये डीव्हीडी आली तेव्हा तो सीझन मूळ आणि संगणकाने रंगवलेला, अशा दोन्ही रूपांत काढला. मूळच बघा. त्या छायाप्रकाशात तिचा चेहरा फार सुंदर दिसतो, रंगवलेल्यात सगळं सपाट झालंय.

शिवाय पहिल्या सीझनचं शीर्षकसंगीतही वेगळं आहे, रिचर्ड वेसचं, वॉल्ट्झच्या ठेक्यातलं. आपल्या सगळ्यांच्या कानात बसलेलं आहे ते दुसऱ्या सीझनपासूनचं, ह्यूगो माँटेनेग्रोचं.

रानजाई

@काळेपांढरे, मूळ पहिला भाग काल पाहिला. त्यात एक गोष्ट अशी सापडली की मी आईला हाक मारून बोलावलं. बाटलीतून पहिल्यांदा बाहेर येते तेव्हा जिनी फारसी बोलते! तिला इंग्रजी यावं अशी इच्छा टोनी व्यक्त करतो, आणि मग ती इंग्रजीत बोलू लागते. म्हणजे ती आधीपासूनच दुसऱ्याच्या इच्छेखातर भाषा बदललेली. आपल्याकडे येऊन हिंदी बोलली त्यात नवल नाही.

तो फारसी तुकडा आईने डोळे मिटून दोनदा ऐकला. अर्थ कळला नाही, पण म्हणाली, "हिला ताल आहे गं."

गंगावन

तालमीहून आले. राहिलेलं लिहिते.

पाचव्या सीझनमध्ये जिनी आणि टोनीचं लग्न लावलं, डिसेंबर १९६९ मध्ये. ईडनचं म्हणणं, लग्नाने मालिकेतली गंमत गेली, आणि मला ते पटतं. पण केशभूषेच्या दृष्टीने तो सीझन माझा सर्वात लाडका. गंगावन उतरलेलं, केस मोकळे, आखूड फ्रॉक, केसांना पट्टा. चार वर्षांनी तिला मान मोकळी वळवता येतेय हे स्पष्ट दिसतं.

सत्तरच्या व्हरायटी शोमधली ईडन आणखी वेगळी. टिकल्यांचे लांब झगे, केसांना मोठे फुगे, डोळ्यांना गडद काजळ. नंतर १९७८ मध्ये 'हार्पर व्हॅली पीटीए' चित्रपट आला. त्यात ती गावच्या ढोंगी लोकांना धडा शिकवणारी विधवा आई झाली. १९८१-८२ मध्ये त्यावरून मालिकाही निघाली. ते मूळ गाणं १९६८ चं आणि गायिकेचं नाव जिनी सी. रायली! तिथेही जिनी हे नाव तिच्या पाठीशीच.

माझा अनुभव सांगते. एखादी नटी एका भूमिकेत गाजली की निर्माते तोच टोप पुन्हा मागतात. टोप बदलायचा म्हणजे तिला भांडावं लागतं. त्यामुळे तिचे प्रत्येक दशकातले वेगळे केस पाहिले की मला त्यामागची भांडणं दिसतात.

भाकरीचाचंद्र

अवांतर : तिचा तेव्हाचा खरा नवरा मायकेल अन्सारा 'स्टार ट्रेक'मधला क्लिंगॉन कांग. त्याने 'जिनी'मध्येही काम केलंय. जिनीला बाटलीत कोंडणारा निळा जिन तोच! घरी आल्यावर दोघं काय बोलत असतील?

सातासमुद्रा

रंगमंचही विसरू नका. 'वूमन ऑफ द इयर', 'जेंटलमेन प्रिफर ब्लॉन्ड्स' अशा संगीतिका घेऊन ती गावोगाव फिरली, लास व्हेगासला गायली. डिसेंबर १९८७ मध्ये बॉब होप सैनिकांसाठी पर्शियन आखातात गेला तेव्हा तीही बरोबर होती. छपन्न वर्षांची. माझ्या शेजारणीचा दीर तेव्हा नौदलात, त्या भागातच होता. तो सांगतो, आधी सगळे जिनी-जिनी म्हणून ओरडले, ती गायला लागल्यावर गप्प झाले.

तंबोऱ्याचीतार

@सातासमुद्रा, बस. मला पुरावा हवा होता तो मिळाला. एलपीबद्दलचं मत तसंच आहे, तिच्याबद्दलचं बदललं.

@रानजाई, एक करून बघा. दुष्ट बहिणीचा एखादा भाग लावा, पण चित्र बघू नका. मी काल फक्त ऐकला. काळी बहीण बोलते तेव्हा आवाज छातीतून येतो, शब्द लांबवते, वाक्याच्या शेवटी उतरते. आपली जिनी वरच्या पट्टीत, वाक्याच्या शेवटी चढते. टोप आणि हिरवा पोशाख हे डोळ्यांसाठी झालं. तिने पट्टीच बदलली आहे.

रानजाई

केलं. आत्ताच. टीव्हीवर चादर टाकली आणि आईला सोफ्यावर बसवलं. तिने हिंदीतली जिनी माझ्यासोबत रोज पाहिलीय, मूळ आवाज तिलाही नवा. दहा मिनिटं दोघी बहिणींचं भांडण ऐकलं.

मग मी विचारलं, किती बायका आहेत गं यात?

म्हणाली, "दोन. थोरलीला सर्दी झालीय का?"

चादर काढून दाखवली तेव्हा तिने चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. आता तिसरा भाग चालू आहे, कुकर लावायचा राहिलाय.